पाण्याच्या तारखा
परवा जिन्याखाली आवरताना डिस्टिल्ड वॉटरचा अर्धा कॅन सापडला आणि बॅटरीच्या ॲसिडचा आंबूस वास आठवला. इंदुरीच्या आमच्या या घरी जिन्याखालीच सोलरच्या दोन बॅटऱ्या होत्या, एकाच दिवशी घेऊन एकमेकींना जोडलेल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी बायको त्यांत पाणी घालायची आणि मागच्या भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहायची. ती गेली, त्या पावसाळ्यात मला पाण्याची आठवणच राहिली नाही, आणि एक बॅटरी बसली. गावातले म्हातारे मेकॅनिक तपासून म्हणाले, "सर, दोन्ही बदला. नवी आन् जुनी जोडीनं चालत न्हाई. जुनी आधी उतरती, नवीलाबी खाली वढती." मी हट्टाने म्हणालो, "दुसरी चांगली आहे, ती राहू द्या." त्यांनी भिंतीवरची शेवटची तारीख पाहिली आणि नवी बॅटरी जुनीला जोडून दिली. पुढे मी न चुकता पाणी घातलं, बायकोच्या तारखांखाली माझ्या तारखा लिहिल्या, तरी वर्षभरात दोन्ही गेल्या. मेकॅनिक पुन्हा आले. लिथियमची बॅटरी बसवून म्हणाले, "हिला पानी लागत न्हाई. आता बगायचीबी गरज न्हाई." अजूनही पहिल्या रविवारी मी जिन्याखाली जातो, भिंतीसमोर जरा वेळ उभा राहतो आणि लिहिण्यासारखं काही नसतं म्हणून परत येतो.