आत्याबाईचा भोंगा

आधी लक्ष्मक्काचं नाव घेते. आत्याबाईच्या शेजारची ही बाई नसती, तर माझ्याजवळ नुसता निरोप उरला असता. निरोपही तिनंच दिला. तामिळनाडूतल्या सूतगिरणीत पाळी संपवून फोन हातात घेतला, तर तिचा आवाज... "पोरी, बाई गेली. चहा ठेवला होता, पिलीच नाई." आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यावर मूल तालुक्यातल्या आमच्या गावातून तिनंच मला आपल्याकडे नेलं, वाढवलं. सुट्टी मिळता मिळेना. तेरवीही होऊन गेली. तिच्या खोलीचा मात्र जिवाला घोर लागला होता, कारण खदान कामगारांच्या त्या लाईनीतलं क्वार्टर रिकामं झालं की पाडत होते.

तिचं गाव राजुऱ्याच्या पुढं, नदीच्या काठाला, पलीकडं तेलंगण. जमिनीखालची कोळशाची खदान चालू होती तेव्हा दोन्ही काठांची माणसं तिथं उतरायची, आत्याबाईचा नवरा, आमचे मामाजीही त्यातलेच. आधी ते गेले, मग खदान बंद झाली. मराठी शाळा सातवीपर्यंत, पुढची नदीपलीकडं, तेलुगूत. आत्याबाईनं मला तिथंही बसवून पाहिलं. रडत परत आले तेव्हा म्हणाली, "राहू दे. मले तं या काठावरचंबी वाचता येत नाई." माझी शाळा तिथंच सुटली.

त्या गावात घड्याळ कुणी पाहत नसे. 'दुसऱ्या भोंग्याले ये' असंच जेवायचं बोलावणं. खदानीचा भोंगा थांबून वर्षं झाली तरी आत्याबाईचं तेच. भात कधी टाकू विचारलं की, "भोंगा होऊ दे." कोणता भोंगा, म्हटलं तर, "मले येते ऐकू. तुह्ये कान लहान आहेत." गिरणीत लागल्यावर तिनं मला पाळी बदलायच्या वेळेलाच फोन करायला लावला. मी गेटजवळ उभी राहून फोन भोंग्याकडे उंच धरायची. ती ऐकून घ्यायची, आणि मग... "बारीक आहे वो. बकरीवानी. आमचा कसा, पोटात घुसे." तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायचा असायचाच. अजूनही भोंगा झाला की माझा हात वर जातो. बरोबरीच्या मुली बघतात, मग मी केस सारखे केल्यासारखं करते.

शेवटी सुट्टी मिळाली. बल्लारशाहला उतरले, तिथून बस, पुढं ऑटो. वाटभर डोळ्यांपुढं विटांचा ढिगारा. लाईनीतल्या अर्ध्या खोल्या खरंच नव्हत्या. आत्याबाईच्या खोलीतून मात्र धूर निघत होता. आत लक्ष्मक्का चुलीपुढं बसून वांगी परतत होती. तिच्या स्वतःच्या घरी तर गॅस आहे.

"अक्का, इथी काऊन रांधून राह्यल्या?"

"पाडणारे आले होते. त्याइले म्हटलं, चूल पेटती आहे, मंग खोली रिकामी कशी? तवापासून दोन्ही टाइम इथीच रांधून राह्यली. आमचा म्हातारा म्हणते, मले आपल्याच बायकोच्या हातचं खाले शेजारी जा लागते."

दोरीवर आत्याबाईचं लुगडं तसंच होतं. खाट तशीच. मी खाटेवर बसले, आणि मग मला रडू आलं... इतके दिवस आलंच नव्हतं. अक्कानं भाजी उतरवली, ताट वाढलं. "पोरगी येईन, तिले बसाले जागा तं पाह्यजे, म्हटलं."

दोन दिवस तिथं राहिले. निघताना अक्कानं चुलीवर पाणी शिंपडलं. "आता तू बसून गेली. आता पाडू दे."

अक्काची लेक लांब सुरतेला आहे. कधीतरी तिलाही असंच धावत यावं लागेल. ती पोचेपर्यंत अक्काच्या घरातला गॅस मी पेटता ठेवीन, दोन्ही वेळा तिथंच रांधीन. सुट्टी मिळो न मिळो.