भेंडीची तार
भेंडी चिरताना तार सुटली, की युद्धाच्या दिवसांतला नगरचा एक दवाखाना आठवतो. मी तिथे जखमा बांधणारा ड्रेसर होतो. मिरजगावच्या एका शेतकऱ्याचे पोट बैलाने फाडले होते. लहान आतड्याला चिकट स्राव कसा सुटतो ते पाहता यावे, म्हणून डॉक्टरांनी जखम उघडीच ठेवली होती. टाय लावलेल्या पाहुण्यांसमोर त्यांनी आतड्याला काचेची कांडी लावली. तार सुटली. “पाहा, डिवचले की स्वतःला झाकून घेते!” पाहुण्यांनी कीर्तनात डोलवावी तशी मान डोलावली. शेतकरी म्हणाला, “त्येला लाज हाय, सायेब. मला कवा शिवताय? घरी जायाचंय.” “मंगळवारी पुण्याचे पाहुणे येऊन गेले, की लगेच.” सोमवारी तो तापाने गेला. मंगळवारी डॉक्टरांनी पाहुण्यांना चहा दिला. चिरलेल्या भेंडीवर मी अजून ताटली झाकतो.