सोन्याचं पाणी दिलेलं घड्याळ

लढाई संपून शिपाई गावोगाव परतत होते, तेव्हा साताऱ्याच्या आमच्या घरात माझ्या लग्नाची गडबड चालली होती. सांगलीच्या मंडळींनी नवऱ्यामुलासाठी मनगटी घड्याळ मागितलं होतं, तेही विलायती. एका संध्याकाळी वडील उंब्रजकडच्या एका शिपायाला घरी घेऊन आले. त्याने रुमालातून घड्याळ काढलं. वडिलांनी ते कानाशी धरलं, हलवलं, पुन्हा कानाशी धरलं. त्यापलीकडे त्यांना काही कळत नव्हतं, म्हणून इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला बाहेर बोलावलं.

परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. मी नुसती पाहत राहिले. तबकडी पिवळसर पडली होती आणि काटेही तितकेच जुने दिसत होते. पट्टा घासून कडा झिजल्या होत्या. शिपायाने चाकूच्या टोकाने झाकण उघडलं. झाकणावरचा आकडा आणि आतला आकडा एकच होता, म्हणजे झाकण आणि यंत्र एकाच घड्याळाचं होतं.

"निवांत बघा, ताई. लय पळवलंय मला ह्यानं, पर कवा थांबलं न्हाई."

"घड्याळ खरं आहे," मी वडिलांना हळूच सांगितलं.

आईने मात्र विचारलं, "हे पांढरं कशाचं?"

"पोलाद," शिपाई म्हणाला.

"म्हणजे लोखंडच ना? जावयाला मांडवात लोखंड देणार?"

दुसऱ्याच दिवशी सोनाराने त्याच्यावर सोन्याचं पाणी चढवलं. त्या चकचकाटात झिजलेल्या कडा बुजून गेल्या. मला ते पाहवेना.

सांगलीत नांदायला गेल्यावर माझा डोळा सारखा यांच्या मनगटाकडे जायचा. सोनं कडेला फिकट होत चाललं होतं. एका दुपारी यांच्या मामांनी यांचा हात धरून त्या कडेवर नख घासलं.

"पाणी दिलंय रे नुसतं. व्याह्यांनी नकली माल गळ्यात मारला तुझ्या."

"गळ्यात कुठे मामा, मनगटात," हे म्हणाले. सगळे हसले.

चहा ठेवून आत जायचं, एवढंच माझं काम होतं. मी आत गेले. चुलीपुढे बसवेना, उभंही राहवेना. वडिलांना तिथे लबाड ठरवलं जात होतं. मी परत बाहेर आले.

"झाकण उघडून बघा," मी जमिनीकडे पाहत म्हणाले. "दोन्ही आकडे एकच आहेत. घड्याळ अस्सल आहे. पोलादाचं आहे, म्हणून वरून सोनं दिलंय."

मामांनी उघडलं, खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं. "सूनबाई म्हणते ते खरं आहे."

"म्हणजे लोखंड?" सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनीच थोडा विचार करून निकाल दिला, "शनिवारी लोखंड अंगावर नको, तेवढं काढून ठेवत जा."

पुढे वडील मला भेटायला आले, तो नेमका शनिवार निघाला. मी पाणी आणलं तेव्हा ते यांच्या रिकाम्या मनगटाकडे पाहत होते. बोलत होते पावसाबद्दल, पण नजर पुन्हा तिथेच जात होती. तांब्या त्यांच्या हातात तसाच राहिला.

"बाबा, आज शनिवार आहे," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

क्षणभर त्यांना उमगलं नाही. मग चेहरा सैल झाला. "पोलाद आहे हे कळलं तर. कोणी सांगितलं?"

"तुमच्याच लेकीने," सासूबाई म्हणाल्या. "तोवर आम्ही समजत होतो, हिला बोलताच येत नाही."