मिंगेलचे अकरा मणी

मिंगेल घरात शिरला की आधी वर बघायचा. टोपी काढणं नंतर, जोडे नंतर, पाणी पिणं त्याहूनही नंतर. चुलीच्या वर आडव्या बांबूला एक लालकाळी माळ टांगलेली असे, तिच्याकडे एक नजर टाकली की मग तो माझ्याकडे वळून म्हणायचा, "हां, बोला बाबू." माळ जागेवर आहे हे समजल्याशिवाय त्याला माणूस दिसत नसे.

मी तेव्हा गोंदिया स्टेशनवर तारबाबू होतो. इंग्रजांचं राज्य होतं. साहेबलोकांसाठी फलाटावर जेवणाची वेगळी खोली होती आणि मिंगेल तिथला खानसामा. मूळचा गोव्याचा, सासष्टीतल्या एका खेड्यातला. पन्नाशीला आलेला, बुटका, एकटा. आमची क्वार्टरं जोडून होती आणि मधली भिंत कौलांपर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे त्याच्या घरचा धूर आमच्याकडे आणि आमच्या घरची भांडणं त्याच्याकडे बिनदिक्कत ये-जा करत.

नवीन बिऱ्हाड मांडून आठवडा झाला नसेल. एके दुपारी भिंतीवरून असा काही वास आला की गिरजानं, म्हणजे माझ्या बायकोनं, नाकाला पदर लावला. आंबट, तिखट, धुरकट, सगळं एकदम. "काय जाळून राहिले जी ते शेजारी? जाऊन सांगा ना त्यायले!" मी तक्रार करायला म्हणून गेलो आणि तासाभरानं जेवून परत आलो.

त्या पदार्थाचं नाव चोरीस. मांसाच्या फोडी मिठात दाबायच्या, मिरची, लसूण, मिरं, लवंग शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरात, वाटून त्यात मुरवायच्या, मग आतड्यात भरून दोऱ्यानं बांधत जायचं. प्रत्येक गाठीला एक मणी. अशी माळ उन्हात आणि चुलीच्या धुरात वाळली की पावसाळाभर टिकते. हे सगळं त्यानं मला मी दुसऱ्यांदा भात घेतल्यावर सांगितलं. मांस डुकराचं, हे तर ताट स्वच्छ झाल्यावर. आमच्या घरी बकरा-कोंबडी चाले, हे मुळीच नाही. मी दोन महिने गिरजाला हे सांगितलं नाही. तिला ते त्याच दिवशी कळलं होतं. तिचं नाक फार तिखट होतं. मी आमगावला आईकडे जाऊन काय खाऊन आलो, तेसुद्धा ती दारातच सांगायची.

माळ मिंगेलची आई दर उन्हाळ्यात पाठवायची. पार्सलानं नव्हे. त्याच्या गावची माणसं रेल्वेत जागोजागी होती, कोणी गार्ड, कोणी आचारी, आणि माळ एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात गोंदियाला पोचायची. वाटेत एकही मणी कमी व्हायचा नाही. गाडीतून ती उतरवून घेताना मिंगेल टोपी काढायचा.

माळ आली म्हणून तो काही चंगळ करत नसे. "एक मणी, चार माणसं," हा त्याचा हिशेब. मण्याचं कातडं चिरून आतला मसाला सुटा करायचा, थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवायचा. मी एकदा तेलाची बाटली पुढे केली तर त्यानं माझा हातच धरला. "तेल नको, बाबू! तिचं तेल तिच्याच पोटात आहे. तिला जरा बसू दे, गरम होऊ दे, आपसूक सोडील. घाई केली की रुसते." खरंच थोड्या वेळानं कढईत लाल तवंग सुटायचा. मग त्यात कांदा, बटाटा. कधी वांगी. कधी दोन अंडी फोडून. साहेबांच्या खोलीतला शिळा पाव उरला तर तो पोखरून त्यात हे भरायचा आणि निखाऱ्यावर शेकायचा. चिन्नोर तांदळाचा भात तो त्याच कढईत परतायचा आणि म्हणायचा, "माझ्या गावात असा तांदूळ नाही. माय इथं असती तर लाजली असती." आमच्याकडची लाखोरीची डाळ त्यानं पहिल्यांदा नाक मुरडून घेतली होती. पुढे त्या डाळीत एक मणी सोडून त्यानं जे काही केलं, त्याची आठवण आली की अजून मला समोरचं जेवण फिकं लागतं. साहेबांना तो सूप आणि कटलेट घालायचा. हे फक्त घरचं.

"आणि ही माळ तू स्वतः का करत नाहीस?" मी एकदा विचारलं.

"मायला येतं ना," तो म्हणाला. त्याला हा प्रश्नच कळला नव्हता.

ती तार मीच घेतली. मडगावहून, मिंगेलच्या नावाची. यंत्राच्या कडकट्टातून एकेक अक्षर कागदावर उतरत होतं आणि तिसऱ्या शब्दाला माझा हात थांबला. दुपारची मेल उभी होती. मी कागद घेऊन त्याच्या खोलीत गेलो तेव्हा तो एका साहेबासाठी अंडी तळत होता. मी वाचून दाखवलं. त्यानं मान हलवली, अंडी उलटली, बशीत काढली, वर मिरपूड टाकली आणि बशी बाहेर पाठवली. मग मला म्हणाला, "मायला पुरलं असेल आतापर्यंत. उन्हाळ्यात ठेवत नाहीत."

त्या वर्षीची माळ महिन्याभरापूर्वीच आली होती. घरी येऊन त्यानं वर पाहिलं आणि पहिल्यांदाच मणी मोजले. अकरा होते.

आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आई ती माळ कशी करते हे त्याला माहीत नाही. लहानपणी घर सोडलेलं, माळा करायच्या मे महिन्यात कधी गावी गेलाच नव्हता. तिच्या गावात घरोघर चोरीस होतं, पण प्रत्येक बाईचा हात निराळा. ही एकुलत्या एका मुलाची आई, लिहिता-वाचता न येणारी. ती गेली आणि माप घेऊन गेली. मिंगेल मला म्हणाला, "बाबू, हे अकरा संपले की माय संपली. मला शिकून घ्यायला पाहिजे." त्यानं ठरवलं की ते मणी खायचे नाहीत. आपण करून बघायचं, आईच्या मण्याशी ताडून बघायचं, चुकलं की पुन्हा करायचं. दर खेपेला नखाएवढा तुकडा. अकरा मणी किती तरी वर्षं पुरले असते.

तो पावसाळा मात्र वाईट निघाला. एका बड्या साहेबाचा दौरा लागला आणि त्याच्या सलूनबरोबर, म्हणजे खास डब्याबरोबर, स्वयंपाकाला मिंगेलला जावं लागलं, पंधरा दिवसांसाठी. माळ तो आमच्याकडे घेऊन आला. गिरजा ती घरच्या चुलीवर टांगू देईना, म्हणून आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीवर, पडवीत टांगली. "धूर लागू द्या, वयनी. बाकी काही करू नका," एवढं सांगून तो गेला.

झड लागली. दहाव्या दिवशी गिरजाला मण्यांवर पांढरी बुरशी दिसली. मी ड्यूटीवर होतो. ही गोंदियाजवळच्या गोरेगावकडच्या शेतकरी घरातली मुलगी. दुसऱ्याची ठेव आपल्या घरात नासली हे तिला कसं सोसणार? ज्या वस्तूकडे ती एरवी बघतही नसे ती तिनं काढली, कढत पाण्यात भिजत घातली, रिठ्यानं चोळून चोळून धुतली आणि पाटावर मांडून ठेवली. मग स्वतः दोनदा न्हाली. मी आलो तर ती मला कौतुकानं दाखवत होती. मणी फुगून पांढुरके झाले होते, दोन फुटले होते, घंगाळात लाल पाणी होतं. ती बुरशी दरवर्षीच येते आणि फडक्यानं पुसली की जाते, हे मला माहीत होतं. तिला सांगायला मी विसरलो होतो. चूक कोणाची, हे मी आजवर चारचौघांत कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तीन दिवसांत मणी नासले. मिंगेल परत आला, आमच्या पडवीच्या दारातूनच त्यानं वर पाहिलं. चुलीवरचा बांबू रिकामा होता.

गिरजा पुढे झाली. "मीच धुतलं जी, मिंगेलभाऊ. मले वाटलं खराब होऊन राहिलं. तुमी मले काहीबी बोला." तो खाली बसला. मग म्हणाला, "साबण लावला काय?"

"रिठा."

"मग बरं," तो म्हणाला, आणि त्याला हसू आलं, आणि हसता हसता तो रडायला लागला. असा रडताना मी त्याला तारेच्या दिवशीही पाहिला नव्हता.

गिरजाच्या हातांना तो वास आठ दिवस राहिला. हळदीनं जाईना, चिंचेनं जाईना, राखेनं जाईना. जेवताना ती हात लांब धरायची. नवव्या दिवशी ती भिंतीपलीकडे हाक मारून म्हणाली, "मिंगेलभाऊ, त्यात लवंग होती, अन् दालचिनी थोडीशीच. जिरं लई होतं. शिरका गोडूस वासाचा होता. मले सारं ध्यानात हाय. तुमी करा, मी वासानं सांगतो."

अशी ती परीक्षक झाली. एक घास न खाता. जवळच्या कुडवा गावाहून मांस यायचं, मिरची भिवापुरी, आणि मिंगेल सुट्टीच्या दिवशी मसाला वाटायचा. पहिल्या खेपेला त्यानं साहेबांच्या बाटलीतला शिरका घातला. गिरजानं भिंतीपाशी उभं राहून वास घेतला आणि म्हणाली, "दवाखाना." दुसऱ्या वेळी बाजारातला काळा शिरका आणला. "नाई." गोव्यात माडाच्या ताडीचा शिरका असतो, तो इथे कुठून येणार? तेव्हा तीच म्हणाली, "आमच्याकडे मोहफुलं पान्यात राहून गेली का असाच आंबूस गोड वास सुटते. कायले नाई पाहत करून?" तिच्या माहेराहून टोपलीभर मोहफुलं आली. दोन महिने मडकं पडवीत फसफसत होतं.

तीन उन्हाळे गेले. दर खेपेला मिंगेल मणी घेऊन दारात उभा राहायचा, ती डोळे मिटून वास घ्यायची आणि "नाई" म्हणायची. तिला खोटं बोलता येत नसे. तो पडल्या खांद्यांनी परत जायचा. त्याचे केस पांढरे झाले, नोकरी संपत आली.

चौथ्या उन्हाळ्यात तिनं वास घेतला, जरा थांबली आणि म्हणाली, "हेच होये."

मिंगेलनं तिच्या पायाला हात लावला. मग आत जाऊन त्यानं लाखोरीच्या डाळीत एक मणी सोडला, मला वाढलं, स्वतः घेतलं. पहिला घास त्यानं बराच वेळ तोंडात धरला. "माय," एवढंच म्हणाला आणि सगळी डाळ संपवली. मी आनंदानं घरी आलो तर गिरजा उंबऱ्यावर बसली होती. "नव्हतं ते," ती म्हणाली. "काहीतरी कमी होतं. पण किती डाव नाई म्हणू जी त्या मानसाले?"

हे गुपित आम्ही वर्षभर सांभाळलं. मग मिंगेलची नोकरी संपली आणि तो गावी निघाला. आईचं बंद घर उघडणार होता. आम्ही दोघं फलाटावर गेलो. सामान चढलं, गार्डानं शिट्टी वाजवली, तेव्हा डब्याच्या दारातून वाकून तो गिरजाला म्हणाला, "वयनी, आता तरी सांगा. काय कमी होतं?"

गिरजाचा चेहरा उतरला. "तुमाले माहीत होतं?"

"पहिल्या घासाला."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तुम्ही चार वर्षांत पहिल्यांदा हो म्हणालात," तो म्हणाला. "मी कसा नाही म्हणू?"

तिनं डोळे पुसले. "काय कमी होतं, ते मले नाई सांगता येत, भाऊ."

"मलाही नाही," मिंगेल म्हणाला. गाडी हलली तशी त्यानं कागदात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हातात कोंबलं. त्याची स्वतःची माळ. आणि तो मोठ्यानं ओरडला, "वयनी, ही मात्र धुवू नका!" आम्ही तिघंही हसत होतो, आणि गाडी गेली. त्यानंतर तो आम्हाला दिसला नाही. दोन वर्षांनी मडगावहून एक तार आली. तीही मीच घेतली.

त्याच्या आईच्या माळेची चव मी आता विसरलो. त्याच्या माळेची विसरत नाही. तिच्यातले मणी मी एकेक करून संपवले. पाण्यावर, मंद आचेवर, घाई न करता. शेवटचा मणी ठेवला आहे. तो पडवीतल्या चुलीवर लटकतो, सुकून सुपारीएवढा झाला आहे. दर पावसाळ्यात त्याच्यावर पांढरी बुरशी धरते. गिरजा पाणी तापवायला येते, वर बघते, आणि त्याला हात लावत नाही.