हेमिन घालूनही थांबणारा रस

नवऱ्याची हवाई दलातली बदली चंदीगडला झाली आणि मी तिथे जीवरसायनशास्त्रात संशोधनाला नाव नोंदवलं. पंजाबात ते दिवस दहशतवादाचे होते. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, कशाला रोज बाहेर पडतेस? पण साताऱ्यात पाच वर्षं कॉलेजात शिकवल्यावर मला घरी बसवत नव्हतं.

मला मिळालेला प्रश्न दिसायला साधा होता. हिमोग्लोबिनमध्ये ग्लोबिन हे प्रथिन असतं आणि त्यात लोह असलेलं हीम बसतं. हीम कमी पडलं की पेशी ग्लोबिन बनवणंही आवरतं घेते. कारण हीम नसताना एक निरोधक जागा होतो आणि प्रथिन बनण्याची सुरुवातच अडवतो. आम्ही सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशी फोडून रस काढायचो. त्यात हेमिन, म्हणजे हीमचंच बाटलीत मिळणारं रूप, घातलं की ग्लोबिन तासभर बनत राहायचं. नाही घातलं तर पाच-सात मिनिटांत सगळं ठप्प.

मे महिन्यात मात्र नव्या खेपेच्या रसाच्या दोन्ही नळ्या थांबायला लागल्या, हेमिन घातलेलीही. मी नवं हेमिन केलं, पाणी बदललं, काचेची भांडी पुन्हा धुतली. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, हेमिन नीट विरघळत नसेल, परत कर. परत केलं. तीन आठवडे हेच चाललं. साधे हिशेबही चुकायला लागले, तेव्हा वाटलं, आपल्याला हे काम येतच नाही.

शेवटी आधीच्या खेपेच्या, चांगल्या रसाची एक नळी गोठवलेली सापडली. त्यात मी नवा रस थोडा मिसळला. चांगला रसही थांबला, हेमिन असूनसुद्धा. म्हणजे नव्या रसात काही कमी नव्हतं, काहीतरी जास्तीचं होतं. निरोधक आधीच जागा झाला होता. हेमिनशिवाय रस बराच वेळ उबेत राहिला तर तो असा जागा होतो, की मागाहून हेमिन घालून उपयोग नसतो, हे मी वाचलं होतं. पण आमचा रस बर्फातून यायचा आणि आल्या आल्या गोठवला जायचा. मग तो तापला कुठे?

फोडलेल्या पेशी गरगर फिरवून रस वेगळा करणारं मोठं सेंट्रिफ्यूज दुसऱ्या संस्थेत होतं. तिथून रस आणायची माझी सहकारी, मोहालीची एक शीख मुलगी. मला दीदी म्हणायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, बर्फ भरपूर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती स्वतःहून माझ्या टेबलाशी आली आणि हळू आवाजात सांगू लागली. त्या दिवशी स्कूटर तिचा भाऊ चालवत होता. नाक्यावर पोलिसांनी त्यांना अडवलं. डबा उघडून लाल नळ्या बाहेर काढल्या आणि जीपच्या बॉनेटवर मांडून ठेवल्या. दीड तास उन्हात. भावाला चौकीत नेलं, तो संध्याकाळी घरी आला. वडिलांनी तिला बजावलं होतं, बाहेर अवाक्षर काढायचं नाही.

"सांगितलं असतं तर तुम्ही भावाबद्दल विचारलं असतं," ती म्हणाली.

मी काहीच विचारलं नाही. तिला नको होतं म्हणून, की मलाच भीती वाटली म्हणून, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. वहीत लिहिलं, रस वाटेत तापला. सरांनी विचारलं, कसा? मी म्हटलं, बर्फ वितळला. सर स्वतः पगडीधारी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि वही मिटून परत दिली.

पुढच्या खेपेला रस आणायला मी गेले. तोच नाका, तोच डबा. मी नवऱ्याच्या युनिटचं ओळखपत्र दाखवलं. शिपायाने डब्याला हातही लावला नाही, वर "जाइए मॅडम" म्हणाला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मला तिच्याशी काय बोलावं तेच सुचेना. हेमिनची नळी त्या दिवशी तासभर चालली.

सर म्हणाले, आता जागा झालेला निरोधकच वेगळा काढून बघू, रस मुद्दाम गरम ठेवा. आम्ही नळ्या कोमट पाण्यात सोडल्या. घड्याळ तिच्या हातात होतं. मी बऱ्याच दिवसांनी धीर करून विचारलं, भावाला नेल्यावर तू त्या नळ्या घेऊन इथे कशी आलीस? सरळ घरी का नाही गेलीस?

ती घड्याळाकडे बघतच म्हणाली, "त्यांनी नळ्या परत दिल्या ना दीदी. दुसरं काय करायचं ते मला समजलं नाही."

पाण्यात आणखी चाळीस मिनिटं ठेवायच्या होत्या. आम्ही तिथेच बसून राहिलो.