बागूल मॅडमची कॅम्परव्हॅन आणि माझा दहा मिनिटांचा सल्ला

“इंजिनात काही दोष नाही मॅडम. दोष चालवण्यात आहे,” असं मी माझ्या गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकांसमोर बागूल मॅडमना सांगितलं. ते चूक होतं. मॅडमच्या हातात दोष नव्हता, माझ्या सल्ल्यात होता. डिझेल इंजिनं उघडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे लिहिणं जड जातं, पण लिहायला हवं.

माझं गॅरेज नाशिक रोडहून देवळाली कॅम्पला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बोर्ड साधा आहे, पण काम साधं नाही. कॅम्पातले निवृत्त फौजी आपल्या जुन्या जीपना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. आवाज ऐकून कुठला इंजेक्टर नाटक करतोय ते मी सांगतो आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. या गोष्टीचा मला अभिमान आहे. या प्रकरणात तोच आडवा आला.

बागूल मॅडम गंगापूर रोडला राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे मिस्टर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. मणक्याच्या ऑपरेशननंतर साहेबांना फार वेळ बसवत नाही, त्यामुळे बस, रेल्वे, कार सगळंच बंद झालं. म्हणून मॅडमनी एक डिझेल व्हॅन घेतली, आत पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली, आणि त्या वयात ड्रायव्हिंग शिकल्या. साहेब मागे पट्टा बांधून आडवे, मॅडम स्टिअरिंगवर. दोन-चार छोट्या सहली झाल्या होत्या. दिवाळीनंतर हंपीला जायचं ठरलं होतं.

गाडी नवीन असताना मॅडमनी मला विचारलं होतं, रोजचा वापर नाही, तर काळजी काय घ्यायची? मी म्हणालो, उभी ठेवू नका, रोज दहा मिनिटं फिरवा. माझ्या वस्तादांनी मला हेच शिकवलं होतं आणि जुन्या डिझेल गाड्यांनी ते निमूटपणे सोसलंही होतं. मॅडम पडल्या शिक्षिका. रोज म्हणजे रोज. सकाळी आनंदवल्लीपर्यंत जायचं, भाजी घ्यायची, परत यायचं.

पावसाळ्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. हा दिवा डीपीएफचा. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर असतो, तो धुरातली काजळी अडवतो. पुरेशी काजळी साठली की गाडी स्वतःच तो फिल्टर तापवून काजळी जाळते. त्याला रीजनरेशन म्हणतात. एकदा मी हे बागूल साहेबांना समजावत होतो, तर ते म्हणाले, “म्हणजे आमच्या चिमणीची राख, फक्त तुमची गाडी ती खाऊन टाकते.” अगदी तसंच.

मी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला आणि त्यावरून हुकूम देऊन गॅरेजमध्येच काजळी जाळली. दिवा गेला. मॅडमना म्हणालो, गिअर वेळेवर बदला, क्लचवर पाय ठेवून चालवू नका. काही आठवड्यांनी दिवा परत लागला. तेव्हा मी ते वरचं वाक्य बोललो. बाकावर बसलेला एक टेम्पोवाला म्हणाला, “लेडीज ड्रायव्हिंग, दुसरं काय.” सगळे हसले. मीही हसलो. मॅडमनी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “मग आता तुमचाच माणूस फिरवू दे.” मग रिक्षा करून घरी गेल्या.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. ते गमत्या स्वभावाचे आहेत, पण त्या दिवशी गंमत वरवरची होती.

“कैलासराव, हंपी कॅन्सल झालं बरं का. मॅडम म्हणतात, माझ्या हातून गाडी वाटेत बंद पडली तर तुम्हाला कुठे झोपवू? मी म्हटलं, हंपीत झोपलेल्या मूर्ती पुष्कळ असतील, त्यात खपून जाईन. नाही ऐकत.” मग म्हणाले, “आता मी, पलंग आणि वरचा पंखा.”

मी म्हणालो, बघतो. पण बघितलं काहीच नाही. उलट माझा सल्ला चालूच ठेवला. माझ्याकडचे जुने मेकॅनिक अन्वरभाई गंगापूर रोडलाच राहतात. स्कॅनरने पुन्हा दिवा घालवून गाडी त्यांच्या हाती मॅडमच्या दारात लावून घेतली, किल्ली त्यांच्याकडेच ठेवली आणि सांगितलं, रोज सकाळी कामावर येण्याआधी मॅडमची गाडी दहा मिनिटं फिरवून जागेवर लावत जा. अन्वरभाईंचा हात इतका हलका की गाडीत भरलेला चहाचा कप ठेवला तरी सांडणार नाही.

दिवा परत लागला.

अन्वरभाई गाडी घेऊन गॅरेजला आले, बोनेट उघडलं आणि हात पुसत म्हणाले, “शेठ, आता माझं पण ड्रायव्हिंग खराब झालं का?”

मी डिपस्टिक ओढली. इंजिन ऑइल किती आहे ते बघायची ही पट्टी. ऑइल कमी झालेलं मी हजारदा पाहिलंय. इथे ते वरच्या खुणेच्याही वर चढलं होतं. ऑइल कधी आपोआप वाढत नाही. बोटावर घेतलं, तर पाण्यासारखं पातळ. नाकाशी नेलं, तर डिझेलचा वास.

तिथेच सगळं उलगडलं. फिल्टर तापवायला गाडी सिलिंडरमध्ये जास्तीचं डिझेल सोडते. ते काम पुरं व्हायला लांब, एकसारखा रस्ता लागतो. दहा मिनिटांत डिझेल इंजिन धड गरमही होत नाही. काजळी साठत जाते, गाडी ती जाळायला घेते आणि तेवढ्यात आपण भाजी घेऊन घरी पोहोचतो, किल्ली बंद करतो. काजळी तशीच राहते, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. असं रोज. पातळ ऑइलवर तेच इंजिन हंपीच्या रस्त्याला ताणलं असतं, तर बेअरिंग गेली असती. हे मी आधी बघायला हवं होतं. दोनदा गाडी माझ्या हाताखालून गेली आणि मी डिपस्टिक ओढली नाही, कारण दोष कुणाचा हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने सुचवलं, फिल्टर कापून टाक, कटकट संपेल. मी तसलं काम करत नाही. ते कायद्यात बसत नाही, आणि गाडीचा धूर शेवटी कुणाच्या तरी नाकात जातो.

आधी जुनं ऑइल आणि ऑइल फिल्टर काढून नवं भरलं. टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची, दांडी हलवून पाहिली, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं. इंजिन शाबूत होतं. मग मी स्टिअरिंगवर आणि अन्वरभाई शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन, असे मुंबई हायवेला लागलो. गिअर एक खालचा, वेग एकसारखा. अन्वरभाई काजळीचा आकडा वाचत होते. विल्होळीपर्यंत तो हललाच नाही. मग उतरायला लागला. घोटीच्या पुढे दिवा गेला. इगतपुरीहून फिरलो, गॅरेजला येऊन ऑइल पुन्हा बदललं, कारण या जाळण्यातही थोडं डिझेल उतरलेलं असणार. त्यानंतर इंजिनाचा जो आवाज आला, तो ऐकून मला स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली. नवा फिल्टर नाही, इंजिन खोललं नाही, काही कापलं नाही. असं काम नाशकात फार जण करत नाहीत, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

लोक विचारतात, छोट्या फेऱ्यांनी इंजिन खराब होतं का? होतं, पण फक्त छोट्याच फेऱ्या केल्या तर. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेला न्या. नाहीतर गाडी खुशाल उभी राहू द्या आणि बॅटरीला चार्जर लावा. दहा मिनिटांत स्टार्टरने खाल्लेलं बॅटरीला धड परतही मिळत नाही. आणि मेकॅनिकसाठी एक गोष्ट: माणसाकडे बोट दाखवायच्या आधी डिपस्टिक ओढा.

किल्ली घेऊन मी मॅडमच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, चूक माझ्या सल्ल्याची होती म्हणालो. साहेब पलंगावरून टाळ्या वाजवायला लागले. मॅडमनी किल्ली घेतली नाही.

“कैलासभाऊ, मुलगा वर्गात कुणाला बोलला, तर आम्ही त्याला स्टाफरूममध्ये माफी मागू देत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षाने गॅरेजला आल्या. बाक भरलेला होता, तो टेम्पोवालाही होता. मी हातातलं काम खाली ठेवलं, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “मॅडम, तुमच्या ड्रायव्हिंगमध्ये काही चूक नव्हती. मी सांगितलं तसंच तुम्ही केलंत, आणि मी सांगितलं तेच चुकीचं होतं. वर तुम्हालाच हसलो. मला माफ करा. ही तुमची किल्ली. हंपीला तुम्हीच चालवत जा.”