राखणदाराला सांगितलेलं माप

साऱ्या शिरोड्यात हळू बोलता येत नाही असं एकच माणूस आहे, ते म्हणजे आमच्या घरमालकीण काकी. आणि मी त्यांच्याच पडवीतल्या खोलीत भाड्याने राहते. माडावर चढलेल्या माणसाला खालून हाक मारायची ज्या आवाजात, त्याच आवाजात काकी शेजारी जेवायला बसलेल्याकडे मीठ मागतात. मी वाशीमकडची. आमच्याकडे बाईच्या आतल्या कपड्यांचं नावसुद्धा काढत नाहीत. ते टॉवेलखाली वाळतात, वाळले तर. इथे पहिल्याच सकाळी बघते तर काय, काकींच्या ब्रा दारच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, भर उन्हात दोरीवर ऐटीत लोंबतायत आणि काकी त्यांच्याखाली उभ्या राहून पोस्टमनशी माशांच्या भावावर वाद घालतायत! तेवढ्यात त्यांनी आतले कपडे झाकलेला माझा टॉवेलही उचलला. "दमट कपडो आंगाक लावतंस? खाज येतली गो!" पोस्टमन बिचारा माडांकडे बघत राहिला.

मी काजूच्या कारखान्यात गर निवडायला बसते. आठवीत शाळा सुटलेली, दुसरं काही येत नाही. त्यामुळे पाठ दुखायला लागली तेव्हा पाठीपेक्षा काळीजच जास्त दुखलं. मान अवघडायची, खांद्याच्या मधोमध कोणी खिळा ठोकल्यासारखं व्हायचं, आणि मुकादम म्हणाला, "बसवत नसेल तर गावाला जा." गावाला जायचं म्हणजे परत चुलत्याच्या दारात, आईसारखं त्याच्या आश्रयाला. मी घाबरून काकींना सांगितलं. काकींना कारण तत्काळ कळलं. "राखणदाराक नारळ दिलंस काय? परमुलखातसून इलंस आणि त्याका सांगूकच नाय!"

गाऱ्हाणं घालायचं काम इथे पुरुषांचं. पण काकींना ते कोण सांगणार? वाडीच्या टोकाला, गावाची राखण करणाऱ्या त्या देवाच्या दगडापुढे नारळ ठेवून त्या गरजल्या, "बा राखणदारा म्हाराजा! ह्या चेडवाचा काय चुकला-माकला आसात तर पदरात घे आणि तेच्या पाठीचा दुखणा दूर कर, म्हाराजा!" प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला मी एकटीच. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत पोचत नव्हता.

आठवडा गेला, दुखणं तसंच. शेवटी काकी खोबरेल घेऊन पाठ चोळायला बसल्या आणि एकदम ओरडल्या. माझ्या दोन्ही खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांचे खड्डे पडले होते. "ह्यां राखणदाराचा काम नाय गो, ह्ये तुझे पट्टे! माप कोणाचा ह्यां?" वहिनीचं, मी म्हटलं. गाव सोडताना तिनेच तिच्या मापाच्या दोन दिल्या होत्या. पुढे दुकानात मी तोच नंबर खाली बघून पुटपुटत आले. पाठीचा पट्टा ढिला म्हणून वर सरकायचा, तो सरकला की मी खांद्यावरचे आवळायचे, आणि सगळा भार मानेवर घेऊन दिवसभर वाकून बसायचे. "चप्पल पायात घालून बघतंस मां? मग ह्यां डोळे मिटून कित्याक घेतंस?"

बाजारातल्या कटलरीच्या दुकानात जे झालं ते आठवून अजून कान तापतात. दुकानदाराने सवयीने माल वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला. काकी म्हणाल्या, "शेटनू, चोरीचो माल नाय तो, उघडा!" मग मला खोक्यांमागच्या पडद्याआड ढकललं आणि बाहेरून हुकूम सुटला, "कारखान्यात बसतंस तशी बस! हात वर कर! पाठीचो पट्टो वर चढता काय? दोन बोटां आत जातत मां?" बाहेर बांगड्या भरणाऱ्या बायका हात तसेच पुढे धरून ऐकत होत्या. मी आतून रडवेल्या आवाजात म्हटलं, "जातात." चौथी बसली. खरंच बसली! भार खांद्यांवरून पाठीच्या पट्ट्यावर उतरला आणि खिळा सैल झाल्यासारखा वाटला. दुखणं सगळंच गेलं असं नाही. मधेमधे उठून पाठ ताणायची सक्तीही काकींचीच. पण मुकादमाने पुन्हा गावाचं नाव काढलं नाही. काकींनी राखणदाराला दुसरा नारळ दिला आणि मापाचा सगळा घोळ, नंबरासकट, त्याच्या कानावर घातला. देवासमोर! मी धरणीत जायची तेवढी राहिले.

परवा आईचा फोन आला. तिची पाठ माझ्या लहानपणापासून दुखते. आम्ही सगळ्यांनी ते शेतातल्या कामाचंच धरलेलं. मी धीर करून विचारलं, "आई, तुझं माप किती?" तिने फोनच ठेवला. मला वाटलं, रागावली. थोड्या वेळाने गोठ्यामागून पुन्हा फोन, अगदी कुजबुजत: "कोनाले सांगू नको. पन तो टेप कोठून धरा लागते?"

मी गोंधळले, तसा काकींनी फोन हातातून घेतला. आता साऱ्या वाडीला आईचं माप कळणार म्हणून मी डोळे मिटले. पण काकी तुळशीपलीकडे जाऊन बसल्या, फोनभोवती पदर धरला आणि शुद्ध मराठीत, इतक्या हळू की मला कान द्यावा लागला, म्हणाल्या, "ताई, आधी श्वास सोडा. टेप छातीच्या खालून घ्या, पाठीत सरळ राहू दे. खूप आवळू नका. आयुष्यभर आवळलंत, आता पुरे."

पलीकडून आई प्रत्येक वाक्याला "हो बाई, हो" म्हणत असणार. मी इकडे दाराला टेकून, मनातल्या मनात, तिच्यासोबत म्हणत राहिले: व्हय म्हाराजा.